साहेबबाबाचे वारस

माघी चतुर्थीला अख्खं कोलखार गाव पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जातं. मागे उरतात कोंबड्या, कुत्री आणि चांगदेव काका, कारण काकांचा गुडघा रांगेत उभा राहत नाही. म्हणूनच मृणालीने अमेरिकेच्या पाहुणीला नेमका हाच दिवस दिला होता. पाहुणी सकाळी येणार, चहा घेणार, मिठागरावर जाऊन थडगं बघणार, जाता जाता एका प्रश्नाचं उत्तर देणार आणि गाव पालीहून परतायच्या आत पनवेलच्या वाटेला लागणार. कुणाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

"कॉलेजात असताना मी अख्खं स्नेहसंमेलन एकटीने पार पाडलंय," ती अल्पेशला म्हणाली. "एक म्हातारी पार पाडायला कितीसा वेळ लागतो?"

"पार पाडायची म्हणजे तिचं नक्की काय करायचं?" अल्पेशने विचारलं.

अल्पेश म्हणजे तिचा नवरा. त्याचा स्वतःचा डंपर होता, आणि त्याला जगातल्या बहुतेक गोष्टी डंपरच्या काचेतून दिसाव्यात तशा दिसायच्या. उंचावरून आणि आवाज न येता. बायकोला ज्या प्रश्नाने पोखरलं होतं, तो प्रश्न आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

प्रश्न असा होता: क्रियांश कोणावर गेलाय?

क्रियांश त्यांचा तीन वर्षांचा मुलगा. रंग घरच्यासारखा, नाक घरच्यासारखं, भूक घरातल्या सगळ्यांची मिळून. पण डोळे घारे. मधात थोडं खाडीचं पाणी मिसळावं तसे. केस उन्हात धरले की मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे. अल्पेशचे डोळे काळे, मृणालीचे काळे, मृणालीच्या थळच्या माहेरी तर काळ्याशिवाय बातच नाही. सासरे फोटोत होते आणि फोटो कृष्णधवल होता.

नळावर, अंगणवाडीत, हळदीच्या मांडवात बाया क्रियांशला उचलून घ्यायच्या, उजेडाकडे वळवायच्या आणि विचारायच्या, "कोनावर गेलाय गो?"

"बघू, मोठा झाला की कळेल," मृणाली म्हणायची.

मग त्या म्हणायच्या, "हं."

त्या एका 'हं'पायी मृणालीने पेणच्या डॉक्टरांकडे मुलाचं रक्त तपासून घेतलं होतं, लोह तपासून घेतलं होतं, कावीळ तर दोनदा. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मूल ठणठणीत आहे. तुम्ही नीट जेवता का?"

आणि मग तिला साहेबबाबा आठवला. अल्पेशच्या घरच्या मिठागराच्या तोंडाशी, बांधावर, काळ्या दगडाचं एक थडगं आहे. इंग्रजांच्या वेळी मीठखात्यातला कोणी गोरा साहेब इथे वारला, एवढंच गावाला ठाऊक. पहिलं मीठ निघालं की साहेबबाबाला एक उकडलेलं अंडं आणि एक पाव ठेवायचा. गोऱ्याला भाकरी उतरायची नाही, म्हणून पाव. नाही ठेवला तर मीठ पिवळं पडतं. आणि हे अंडं-पाव पिढ्यान्‌पिढ्या अल्पेशच्याच घरातून जातं.

इतिहासात एम.ए. केलेल्या मृणालीला इथे संशोधनाला जागा दिसली. गावात एवढी घरं असताना अंडं आपल्याच घरचं का? असा मान रक्ताच्या नात्याशिवाय मिळतो का? साहेब, मान, सासरचं घर आणि क्रियांशचे डोळे, असे चार ठिपके तिने रांगोळीसारखे जोडले. रांगोळी फारच सुरेख आली. म्हणजे नळावर आता उत्तर देता येणार होतं: "सासऱ्यांच्या खापरपणजोबांवर." 'हं' म्हणायला जागाच नाही.

थडग्यावरच्या अक्षरांना चुना फासून तिने फोटो काढला आणि परदेशातले लोक पूर्वजांची थडगी शोधतात अशा एका ठिकाणी इंटरनेटवर टाकला. तिची अपेक्षा एका ईमेलची होती. ईमेल आलंही. टेनेसीच्या मार्था मॅक्लर्ग नावाच्या निवृत्त शिक्षिकेने लिहिलं होतं, "तुम्ही आमचा जेम्स शोधलात. मी येते." सोबत विमानाचं तिकीट जोडलेलं होतं.

*

मार्थाबाई मिनीडोर रिक्षातून उतरल्या त्या काखेत एक लांब नळी घेऊन. प्लंबर घेऊन हिंडतो तसली. त्या नळीतून त्यांनी कागदाची गुंडाळी काढली आणि चहा यायच्या आत ओटीवर पसरली. वंशावळ होती. ती ओटीच्या एका भिंतीपासून निघाली आणि समोरच्या भिंतीला लागल्यावर वर चढू लागली. कागद उडू नये म्हणून मृणालीने त्यावर वरवंटा ठेवला, नारळ ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि चौथ्या कोपऱ्यावर क्रियांशला बसवला.

मार्थाबाई बोटाने दाखवत गेल्या. हे मूळचे स्कॉटलंडचे. इथे समुद्र ओलांडून आयर्लंडच्या उत्तरेला आले. इथे दुष्काळ, म्हणून थोरला भाऊ अमेरिकेला गेला. त्याच्या आम्ही. आणि हा धाकटा, जेम्स. हा हिंदुस्थानात आला आणि इथेच रेघ संपते.

रेघ जिथे संपत होती, तिथे क्रियांश बसला होता. मृणालीला वाटलं, संशोधनात कधीकधी असे संकेत मिळतात.

"काम साफ हाय," मागून आवाज आला.

चांगदेव काका उभे होते. ज्या गुडघ्याला रांग सोसत नाही, त्याला दुसऱ्याच्या ओटीपर्यंतची वाट बिनतक्रार सोसते.

आता कोलखारात वंशावळ ही गोष्ट शोभेची नाही. खारजमिनीतून नवा रस्ता जायचा आहे, मोजणीचे खुंटे ठोकून झालेत, आणि घरोघरी वंशावळी चालू आहेत, म्हणजे जमिनीवर कोणाचं नाव लागतं आणि कोणाचं लागू द्यायचं नाही हे ठरवणं चालू आहे. गावच्या सगळ्या वंशावळी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर काढतात ते चांगदेव काका. त्यांनी मार्थाबाईंच्या कागदाकडे कारागिराने कारागिराचं काम बघावं तसं बघितलं.

"कोनाची म्हनायची ही?"

"साहेबबाबाची, काका."

"आनी ही बाई?"

"त्याच्या थोरल्या भावाच्या वंशातली."

"थोरल्या भावाच्या," काका म्हणाले. "म्हंजे थोरली पाती."

मृणालीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तिने तिचा प्रश्न काढला. जेम्सचे डोळे कसे होते? मार्थाबाईंनी चष्मा काढला आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं. घारे. आमच्या घराण्याची हीच खूण, त्या म्हणाल्या. जगात कुठेही असे डोळे दिसले तर मी थांबून नाव विचारते.

मृणालीला हे इतकं आवडलं की तिने ते काकांना मराठीतून शब्द न् शब्द सांगितलं. काकांनी एकदा मार्थाबाईंचे डोळे बघितले आणि एकदा कागदाच्या चौथ्या कोपऱ्याचे.

"बरं, येतो," ते म्हणाले. "चहा नको. एक फोन करायचा हाय."

*

पालीच्या देवळात त्या सकाळी जी रांग होती, तिच्यातले कोलखारचे लोक अर्ध्यातून मागे फिरले. बल्लाळेश्वराच्या रांगेतून सहसा कोणी मागे फिरत नाही. मागच्यांना वाटलं दर्शन बंद झालं.

गाव परत आलं ते अल्पेशच्या मावसभावाच्या टेम्पोतून. पुढे बसल्या होत्या इंदूबाई, मृणालीच्या सासूबाई. सरकारी शिबिरात मोतीबिंदू काढल्यावर त्यांना एक चौकोनी काळा चष्मा मिळाला होता. काही दिवस घाला, असं डॉक्टर म्हणाले होते. तो चष्मा मृणालीच्या लग्नात होता, डोहाळजेवणात होता आणि बारशात होता. त्या नक्की कोणाकडे बघतायत हे कळत नसल्यामुळे घरात सगळेच सरळ वागायचे.

इंदूबाईंनी ओटीवरची गुंडाळी बघितली, मार्थाबाईंना हात जोडले आणि सुनेला स्वयंपाकघरात नेलं.

"कोन हाय ती?"

"आई, त्यांचे पूर्वज मूळचे स्कॉटलंडचे. तिथून आयर्लंडला गेले, तिथून अमेरिकेला—"

"सारखं उठवलं व्हय त्यांना?" इंदूबाईंचा आवाज मऊ झाला. "कंचा प्रकल्प व्हता?"

"प्रकल्प नाही आई. आपणहून गेले."

"आपनहून कोनी जमीन सोडतं?" इंदूबाईंना हे पटलं नाही. "आनी आता हिला काय पायजे?"

"काही नाही. फक्त नातं शोधतायत."

"नुसतं?"

"नुसतं."

"म्हंजे हिस्सा."

"अहो आई, तिकडचे लोक असंच—"

"मृणाली, नातं लागतं तवा दोन्हीकडनं लागतं. भावजींनी फोनवर सांगितलान. साहेबबाबा आपला झाला का आपन त्याचे झालो. आपन त्याचे झालो का ती आपली. ती आपली झाली का तिचं नाव आपले जमिनीन. आनी ती पाती थोरली." त्यांनी आवाज खाली आणला. "डोल्यांवरनं धरनार हाय. पोराला आत आन."

ज्या उत्तरासाठी मृणालीने थडग्याला चुना फासला, ते उत्तर बाहेर ओटीवर चहात बिस्किट बुडवत होतं. ते खरं निघालं तर मुलाचे डोळे सासरचे ठरत होते आणि सासरची जमीन जात होती. खोटं निघालं तर जमीन राहत होती आणि 'हं'सुद्धा राहत होता.

"पन आपल्याकडं घारं कोनी न्हायच," इंदूबाईंनी निकाल दिला. "पोराचे डोले तुझे मायेरचे."

आणि त्यांनी तिथल्या तिथे थळला फोन लावला. मृणालीची आई कोकिळाबाई फोनवर आल्या.

"विहीणबाय, तुमच्याकडं घारं कोन हाय?"

"आमच्याकडं?" कोकिळाबाईंनी कुशलसुद्धा विचारलं नाही. "आमच्याकडं कोनी न्हाय. आमचे गावान पन मोजनी लागलीय." फोन बंद झाला.

अशा रीतीने क्रियांशचे डोळे कोणाचेच राहिले नाहीत.

इंदूबाईंनी पिशवीतून पालीच्या जत्रेतला गॉगल काढला. पिवळी कड, दोन्ही बाजूंना बदकं. तो नातवाच्या नाकावर चढवला. केसांचं काय, हा पुढचा प्रश्न. इंदूबाईंनी भाकरीच्या तव्याची काजळी तेलात कालवली आणि नातवाच्या डोक्याला चोळली. मृणाली मुलाला लावायच्या प्रत्येक तेलाच्या बाटलीवरचे घटक वाचून बघते. तव्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात अल्पेश टेम्पो लावून आत आला. त्याने क्रियांशकडे बघितलं.

"हा कोणाचा?" त्याने विचारलं.

मृणालीला रडू येणार होतं, पण रडायला वेळ नव्हता. बाहेर मार्थाबाई थडग्याकडे निघायला उभ्या राहिल्या होत्या.

*

मिठागराच्या बांधावरून जी वरात निघाली, तशी कोलखारने पूर्वी बघितली नव्हती. पुढे मार्थाबाई फुलांचा गुच्छ घेऊन. मागे मृणाली. तिच्यामागे क्रियांशला कडेवर घेतलेल्या इंदूबाई, अल्पेश, चांगदेव काका गुडघ्यासकट, आणि मग गाव. ज्यांच्या ज्यांच्या घरात जरा पिंगट काही होतं, त्यांनी खबरदारी घेतली होती. पालीच्या जत्रेतला गॉगलवाला त्या दिवशी लवकर घरी गेला असणार. कोणाच्या गॉगलवर बदकं होती, कोणाच्या गॉगलवर हृदयं. कासारणीच्या म्हातारीला तर लुकलुकणारे दिवे असलेला मिळाला होता.

मार्थाबाईंनी दोनदा मागे वळून बघितलं आणि मग मृणालीला हळूच विचारलं, "गावात डोळ्यांची साथ आहे का?"

"हो," मृणाली म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही. "मोठी साथ आहे."

मार्थाबाई शिक्षिका होत्या, साथीत काय करायचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःचा काळा चष्मा चढवला, पर्समधून हात धुवायच्या औषधाची बाटली काढली आणि गावातल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक थेंब टाकला. लोकांना वाटलं तीर्थ आहे. चांगदेव काकांनी पिऊन टाकलं. थोडा वेळ ते बोलले नाहीत.

थडग्याजवळ सगळे थांबले. दोन्ही बाजूंना नुकत्याच निघालेल्या मिठाचे ढीग उन्हात चमकत होते. मार्थाबाई खाली बसल्या, त्यांनी दगडावरच्या नावावरून हात फिरवला आणि फुलं ठेवायला जागा बघितली. जागेवर अंड्याची टरफलं होती.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मृणालीने सांगितलं. दरवर्षी पहिलं मीठ निघालं की अंडं आणि पाव. कधीपासून ते कोणाला माहीत नाही.

मार्थाबाईंनी एक टरफल उचलून तळहातावर घेतलं. मग म्हणाल्या, "माझी आजी दर नाताळला जेवायच्या आधी म्हणायची, बिचाऱ्या जेम्सला तिकडे कोणी विचारत नसेल. तिची आजीही म्हणायची. एवढ्या पिढ्या आम्ही त्याच्यासाठी वाईट वाटून घेतोय, आणि तो इथे जेवत होता."

त्यांच्या चष्म्याखालून पाणी आलं. इंदूबाईंना भाषा कळली नाही, पाणी कळलं.

"रडू नको म्हनावं," त्या म्हणाल्या. "कदी चुकलो न्हाय. एकदा पाव न्हाय मिलाला तवा चायतला कडक बटर ठेवला. तो पन खाल्लान."

मृणालीने सांगितलं. मार्थाबाई आणखी रडल्या. मग मृणालीनेच विचारलं, "आई, पण हा मान आपल्याच घराला का मिळाला?"

"मान कसला गो. थडगं आपले आगराचे तोंडाशी हाय. बाकीच्यांना लांब पडतं."

रांगोळीतला एक ठिपका पुसला गेला. तेवढ्यात चांगदेव काकांना कंठ फुटला.

"मृणाली, मुद्द्याचं विचार. साहेबाला इकडं पोरंबालं व्हती का?"

सगळे गॉगल पुढे सरकले. मृणालीने प्रश्न इंग्रजीत टाकला आणि तिच्या लक्षात आलं की जो प्रश्न चार माणसांत मोठ्याने विचारायचा नाही असं तिने ठरवलं होतं, तो तिने अख्ख्या गावात, भर उन्हात विचारलाय. मार्थाबाईंनी वर बघितलं. उत्तर द्यायच्या आधी त्या क्रियांशकडे बघून हसल्या आणि उठून त्याच्याकडे निघाल्या.

क्रियांशला बदकांचा कंटाळा आला होता. त्याने गॉगल नाकावरून ओढला, बघितला आणि मिठाच्या पाण्यात फेकला.

इंदूबाई नुसत्या बघत राहणाऱ्यातल्या नव्हत्या. जमिनीचा प्रश्न होता. बदकं पाण्याला लागायच्या आत त्यांनी आपल्या डोळ्यांवरचा चौकोनी काळा चष्मा उपसला आणि नातवाच्या तोंडावर दाबून धरला. चष्म्याने त्याचे डोळे झाकले, गाल झाकले, हनुवटीपर्यंत सगळा पुरावा झाकला. मग त्या सुनेकडे वळल्या.

मृणालीने सासूबाईंना या घरात आल्यापासून पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे उघडे डोळे सासूबाईंचे.

मधात थोडं खाडीचं पाणी.

"आई," मृणाली म्हणाली. "तुमचे डोळे."

"काय झालं? पानी येतंय का?"

"घारे आहेत."

"कोनाचे?"

"तुमचे."

"माझे?" इंदूबाईंनी डोळ्यांना हात लावून बघितला, जणू ते हाताला लागणार होतं. "आरशान कुंकू बघायचं असतं. डोले कोन बघत बसतं? जल्म मिठावर गेला, उघडले कदी?"

मृणाली नवऱ्याकडे वळली. "अहो, आईंचे डोळे घारे आहेत."

"हो," अल्पेश म्हणाला. "पहिल्यापासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय. आई आहे माझी."

"मग इतके दिवस मी विचारतेय, पोरगा कोणावर गेलाय—"

"माझ्यावर म्हणून सांगितलं ना. हट्टी आहे, जेवतो नीट." त्याला ती एवढी का बघतेय ते कळेना. "तू डोळ्यांचं विचारत होतीस का?"

मृणालीने पेणच्या डॉक्टरांची, चुन्याची आणि अमेरिकेहून निघालेल्या विमानाची आठवण केली. गेली तीन वर्षं तिने प्रत्येक माणसाच्या नजरेवर नजर ठेवली होती. फक्त सासूबाईंच्या नजरेला नजर द्यायची राहिली होती, कारण ती द्यायची नसते असं तिला माहेरहून शिकवून पाठवलं होतं.

"मृणाली," चांगदेव काकांनी ओरडून आठवण करून दिली, "बाई काय बोलली ते सांग की."

मार्थाबाई मघाशीच बोलून गेल्या होत्या. मृणालीने पुन्हा विचारून घेतलं आणि सांगितलं. जेम्सला बोटीवरच ताप आला. समुद्राची हवा मानवेल म्हणून त्याला खाटेवर घालून इथे आणलं. तो खाटेवरून उतरलाच नाही. लग्न नाही, मूल नाही. त्याने मीठसुद्धा धड बघितलं नसेल.

"खाटेवरनं उतरलाच न्हाय?" काकांनी खात्री करून घेतली.

"नाही."

"मंग प्रश्नच मिटला."

एकेक गॉगल उतरला. गॉगलांखालून बहुतेक काळे डोळे निघाले, दोन-चार पिंगट निघाले, आणि कासारणीची म्हातारी तर मोतीबिंदूचीच निघाली. दिवे मात्र तिने चालू ठेवले.

"साथ फार लवकर गेली," मार्थाबाई म्हणाल्या.

*

परतताना इंदूबाईंनी मार्थाबाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांच्या लेखी आता ती बाई निव्वळ पाहुणी होती, आणि निव्वळ पाहुणीवर त्यांचा राग नसतो. तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, जवळा झाला. क्रियांशचं डोकं धुऊन झालं. मृणालीने त्याला मुद्दाम उंबऱ्यावर, उजेडात बसवला. बघणाऱ्याने बघावं. नळावरच्या बायांना ती आता सांगणार होती, "आजीवर." एक अख्खा शब्द. तिला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

जेवणानंतर मार्थाबाईंनी फोनवर फोटो दाखवले. त्यांचं लाकडी घर. घरामागे शेत. शेताच्या मागे टेकडी, टेकडीवर गाई. चांगदेव काका मदतीला म्हणून बसले होते.

"शेत कुठपर्यंत हाय म्हनावं?"

मृणालीने विचारलं. मार्थाबाईंनी फोटो मागे सारला, मग पुढचा फोटो, मग त्यापुढचा. टेकडी संपली, तरी शेत संपेना.

"आनी कसनार कोन?"

मार्थाबाई हसल्या. कोणी नाही, त्या म्हणाल्या. लग्न केलं नाही. भाऊ होता, तो गेला. माझ्यानंतर घराण्यात कोणीच नाही. म्हणून तर म्हटलं, जाण्याआधी सगळी वंशावळ पुरी करून ठेवावी.

मृणालीने हे मराठीत सांगितलं. चांगदेव काकांनी पाय आखडून घेतला. अल्पेशने फोटो पुन्हा एकदा मागितला.

इंदूबाईंनी नातवाकडून परत मिळालेला काळा चष्मा मघाशीच चढवला होता. तो त्यांनी हळूहळू उतरवला, पदराने पुसला आणि शेजारी ठेवून दिला. मग त्या सरकून मार्थाबाईंच्या अगदी समोर, उजेडात येऊन बसल्या आणि त्यांनी डोळे जमतील तेवढे मोठे केले.

"मृणाली, तिला सांग, माझे मायेरला, आयशीकडं, समदी घारीच हायेत. आनी विचार, साहेबबाबाला कोनी चुलतभाऊ व्हता का. हिंडनारा. चालता-फिरता."

"आई!"

"भावजी, तुमीच बोललाव ना, नातं दोन्हीकडनं लागतं?"

"लागतं," चांगदेव काकांनी मान्य केलं. "कागद तसा मोठा हाय. जागा निघंल."

मृणालीने मार्थाबाईंकडे बघितलं. त्या इंदूबाईंच्या डोळ्यांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर, थडग्यापाशी होतं तसं काहीतरी पुन्हा आलं होतं.

"काय म्हणतायत त्या?" त्यांनी विचारलं.

"त्या म्हणतायत," मृणाली म्हणाली, "की तुम्ही परत कधी येणार?"

मार्थाबाईंनी उत्तर देता देताच इंदूबाईंना मिठी मारली. मार्थाबाईंच्या खांद्यावरून इंदूबाईंनी सुनेला विचारलं, "काय बोलली?"

"पुढच्या वर्षी येते म्हणतायत. मीठ निघालं की."

"येऊ दे. अंडं तिच्या हातानं ठेवू." इंदूबाईंनी मिठीतूनच एक हात सोडवून ओटीवरच्या गुंडाळीकडे दाखवलं. "तवर आपली नावं टाकून ठेव म्हनावं. पेन्सिलीनं टाकलीस तरी चालंल."